दोन तुकडे

एकतीस वर्षं नाशिक रोडच्या प्रेसमध्ये
कोऱ्या नोटांचे ताव तपासले.
शाई पसरली, आकडा कलला, धागा सरकला,
की लाल पेन्सिलीचा फराटा
आणि ताव बाजूला.
चुकार ठिपका माझ्या डोळ्यांतून सुटला नाही,
असं निरोपाच्या भाषणात साहेब म्हणालेसुद्धा.

आता बाऱ्ह्याची मुक्कामी गाडी,
पिशवीत दुर्बीण, डबा, दोनशेपानी वही,
आणि तीन चैत्र झाले
मला नुसता ऐकू येणारा एक पक्षी.

वहीत नाव आधीच लिहून ठेवलंय:
ठिपकेदार सातभाई.
सात कुठले? एक, फार तर जोडी.
आमच्या जेलरोडचे सातभाई
सगळ्या कॉलनीला भांडण ऐकवतात.
हा करवंदीच्या जाळीखाली
पाचोळ्यातून पायी चालतो,
पंख घरी विसरल्यासारखा.

पहिल्या वर्षी तो उंदीर निघाला.
दुसऱ्या वर्षी सापसुरळी,
आणि मग तांबूस पोटाचा, भलताच सातभाई.
गळा पांढरा होता, पण छातीवर रेघ नाही.
रेघ नाही म्हणजे नाही.

या खेपेला उजाडायच्या आत रानात शिरलो.
सागाची पानं ताटाएवढी, वाळून कडक,
पाऊल टाकलं की सगळ्या उताराला कळतं
कोण आलंय.
म्हणून बसलो. ऐनाच्या खोडाला पाठ,
कानाशी चिलटं, गुडघ्यात कळ.
जाळीतून तीन सूर आले, एक चढता, दोन उतरते,
हाक मारता मारता
कुणाला मारतोय तेच विसरावं तसे.

मग खस्.
थांबला.
खस् खस्.
पान उलटतंय कुणीतरी.

दुर्बीण लावली तर काट्यांचं धुकं.
चाक फिरवलं, काटे लख्ख, पलीकडे काही नाही.
अजून फिरवलं.
एक गुलाबी पाय.
फुगलेला पांढरा गळा,
खाली छातीवर तपकिरी ओघळ,
शाईचा टाक झटकल्यावर पडतात तसे.
बस्स. डोकं नाही, पाठ नाही, शेपूट नाही.
दोन श्वास, की पान पुन्हा नुसतं पान.

"दिसला का?"
जाळीच्या पलीकडून आवाज.
येणू गावित मोह वेचत बसलेली,
मी यायच्या आधीपासून, म्हणे.
टोपली अर्धी भरलेली.
"माझ्याकडं पाठ होती त्याची.
डोक्यावर वीट घासल्यासारखा रंग,
डोळ्यावरून फिकी काडी.
रोजचाच आहे तो."
तुमच्यात काय म्हणतात त्याला, मी विचारलं.
"नाव कशाला? हाक मारली तर येतोय का तो?"

फाटक्या नोटेचा नियम मला पाठ आहे:
दोन तुकडे, नंबर एकच, तर पैसे मिळतात.
नंबर जुळला नाही
तर कितीही नीट चिकटवा, कागदच.
तिची पाठ, माझी छाती,
जाळी एक, वेळ एक.
पण जोडीनं फिरतात, हे माझ्याच अक्षरात
मागच्या पानावर लिहिलेलं.

तरी लिहिलं. डावीकडे: पुढची बाजू, मी पाहिली.
उजवीकडे: मागची बाजू, येणू गावित.
लाल पेन्सिल हातात घेतली, परत खिशात ठेवली.
"खोटा निघाला का?" तिनं विचारलं,
आणि उत्तराची वाट न बघता
मूठभर मोह उघड्या वहीवर ठेवला,
वाटेत खायला.

गाडीत खात आलो, ननाशीपर्यंत पुरला.
वही तशीच मिटून पिशवीत.
सीबीएसला उतरून बाकावर बसलो,
तारीख घालायची राहिली होती म्हणून
वही काढली,
तर नेमकी ती दोन पानं
मोहाच्या रसानं एकमेकांना चिकटलेली.

नखानं सोडवता आली असती.